पाण्याचा रकाना

विजेच्या बिलाच्या पाठीवर नुर्शेनने
पट्टी न घेता रेघा ओढल्या.
लाइपझिग. डसेलडॉर्फ. हिल्डेसहाइम.
तिसरं नाव लिहिताना दोनदा अडखळली,
बेल्माने फोनात बघून एकेक अक्षर सांगितलं.

तिन्ही गावांना डायलिसिसची नर्स हवी आहे.
लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याबद्दल
तिन्ही पत्रांत सभ्य मौन.

मग रकाने : भाडं, शाळा,
जानेवारीत ऊन किती तास.
बेल्माने आपणहून एक वाढवला,
'लोक हसतात का',
आणि तिन्हीकडे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

तुना आठ वर्षांचा.
उजव्या कानात यंत्र, डावा नुसता शोभेचा,
असं तोच सांगतो पाहुण्यांना.
त्याने विचारलं, समुद्र कुठे कुठे आहे?
कुठेच नाही म्हटल्यावर
यंत्र काढून टेबलावर ठेवलं
आणि गॅलरीत जाऊन बसला,
कार्शियाकाहून सुटणाऱ्या बोटी मोजत,
सूर्यफुलाच्या बिया फोडत.
भांडणात त्याला ही एक सोय आहे.

रात्री पोरं झोपल्यावर
नुर्शेन भाड्यांची बेरीज करते.
मी वजाबाकी.
माझा एक रकाना आहे, तो कागदावर नाही.

आमच्यात माती थांबवत नाहीत.
रात्री दोनला फोन आला
तर दुपारच्या नमाजाला मी इझमिरात हवा.
डसेलडॉर्फहून थेट विमान, साडेतीन तास :
खांदा देता येतो.
लाइपझिगहून मध्ये विमान बदलायचं :
मूठभर माती तरी.
हिल्डेसहाइमहून आधी आगगाडी, मग दुसरी आगगाडी,
मग रांग, मग पट्टा काढा, बूट काढा :
थडगं.

सकाळी मी म्हणालो, डसेलडॉर्फ.
का म्हणून विचारलं तर म्हणालो,
तिथे इमारती उंच आहेत,
लिफ्ट बिघडणारच.

आई भेंडी निवडत होती.
आमच्याकडची भेंडी नखाएवढी,
टोपी अशी उतरवायची की आतलं उघडं पडू नये.
मान वर न करता म्हणाली,
"मी कीर्जाली सोडली तेव्हा माझी आई सीमेपलीकडेच राहिली.
ती गेल्याचं मला एकविसाव्या दिवशी कळलं. पत्राने.
त्या दिवशीही भेंडीच होती."

मग सुरी पदराऐवजी बाहीला पुसत,
"विमानाच्या वेळा बघून गाव निवडतोस,
मला कळत नाही होय?
मी काही जड होणार नाही मेल्यावर.
गल्लीतले चौघे उचलतील.
जेवात न्हावीसुद्धा येईल, माझे पैसे बुडवलेत त्याने.
कानाची शाळा कुठे आहे ते सांग."

हिल्डेसहाइमला.

हे आम्हा दोघांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.
नुर्शेनने तो रकाना मुद्दाम शेवटी ठेवला होता,
आणि तिथवर आलो की
माझा चष्मा सापडत नसे.

कुणी काही ठरवलं, असं म्हणता येणार नाही.
तुना आत आला,
एकेकाच्या ओठांकडे बघत राहिला, सगळे मिटलेले.
यंत्र कानात चढवून म्हणाला, काय झालं?
आजीने त्याच्या हातात ताटली दिली,
भेंडीच्या टोप्या टाकून ये.

मग चहा ओतताना तिनेच विचारलं,
तिथलं पाणी कसं आहे?
जड असेल तर चहावर तवंग धरतो,
रंग उतरत नाही.

आम्ही बिल उलटं केलं, सुलटं केलं.
जागाच नव्हती.
नुर्शेनने अगदी कडेला, थकबाकीच्या आकड्याला खेटून,
बारीक अक्षरात लिहिलं, 'पाणी',
आणि पेनाचं टोपण
बराच वेळ लावलं नाही.